बालिष्टर नव्हे, डाळिंबाचे फूल

(सदर : शब्दांचा मळा)



मागच्या खेपेला आपण मोट आणि नाडा या शब्दांची कूळकथा पाहिली. मोटा गेल्या, शब्द मागे राहिले. या खेपेचा शब्द विहिरीवरचा नाही, जिन्यावरचा आहे. तो माझ्याकडे पोथीतून आला नाही, सिमेंटच्या वस्तूंच्या दुकानातून आला. म्हणून त्याची हकीकत आधी सांगतो.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, सांगोल्याच्या बाजूला दिलेली. मुलूख माळरानाचा, पाऊस बेताचा. पण डाळिंबाने त्या भागाला हात दिला. भाच्याचे दोन बहर चांगले साधले, तेव्हा त्याने जुने माळवदाचे घर उतरवून स्लॅबचे घर बांधले. जुन्या घरात माळवदावर जायला आतून अरुंद जिना होता. दोन्ही बाजूंना भिंती, मधे अंधार. डोके आपटायचे, पण पडायची भीती नव्हती. नव्या घराचा जिना बाहेरून काढला. पायऱ्या झाल्या, फरशी बसली आणि पैसे संपले. "कठडा फुडच्या बहराला," असे म्हणून भाच्याने गवंड्याचा हिशेब भागवला. पुढच्या बहराला तेल्या पडला. त्याच्या पुढच्या बहराला ठिबकच्या नळ्या बदलाव्या लागल्या. कठडा राहिला तो राहिलाच.

दोन वर्षांमागे वैशाखात आक्का वर कुरडया वाळत घालून आली. तिसऱ्या प्रहरी आभाळ भरून आले, वळवाचे वारे सुटले. ती धावत वर गेली, कुरडया परातीत भरल्या आणि परात दोन्ही हातांत धरून उतरू लागली. डोळ्यांत धूळ गेली, एक पाऊल बाहेर पडले, आणि सातव्या पायरीवरून ती खाली फरशीवर आली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने खाट धरली. कठड्याला जेवढे पैसे लागले असते त्याच्या कितीतरी पट पैसे दवाखान्यात गेले. आक्का उठली, पण हातात काठी घेऊनच.

ती खाटेवर असतानाच भाचा म्हणाला, "मामा, चला माझ्यासंगं. कठडा आनू." आम्ही तालुक्याच्या गावी गेलो. दुकानाच्या अंगणात सिमेंटचे, साच्यात ओतलेले बुटके खांब रांगेने उभे होते. खाली पोट सुटलेले, वर मान बारीक, जणू पाण्याला निघालेल्या बायकांची रांग. दुकानदार म्हणाला, "हे बॅलस्टर. नगावर मिळतात."

घरी आलो. टेंपोतून माल उतरू लागला तसे आक्काने खाटेवरून विचारले, "काय आनलं रं?"

भाचा म्हणाला, "बॅलस्टर, आई."

"बालिष्टर? आन ते रं कशाला? कोरटात जायचं हाय का आता?"

सगळे घर हसले. तीन महिन्यांत त्या घरात पहिल्यांदाच हसू आले. आक्काच्या तरुणपणी बॅरिस्टरला खेड्यात बालिष्टर म्हणत. तिचे काही चुकले नव्हते.

रात्री जेवणे झाल्यावर भाच्याने मला गाठले. "मामा, तुमी शब्दांचं लिवता. ह्या बॅलस्टरचा अर्थ काय म्हनायचा?"

मी म्हटले, "शोधून सांगतो." घरी येऊन शोधले, आणि गंमत वाटली. ज्या शब्दाचे मूळ मी जाड कोशात हुडकत होतो, ते भाच्याच्या दारात, साडेचार-पाच हात उंचीच्या झाडावर, लालभडक होऊन लटकत होते. बॅलस्टर म्हणजे डाळिंबाचे फूल.

आता हे कसे, ते नीट सांगतो.

ग्रीस देशाच्या जुन्या भाषेत रानडाळिंबाच्या फुलाला 'बलाउस्तिऑन' म्हणत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीझ नावाचा एक ग्रीक वैद्य होऊन गेला. त्याने झाडपाल्याच्या औषधांवर मोठा ग्रंथ लिहिला, आणि युरोपातले वैद्य पुढे दीड हजार वर्षे त्याचा आधार घेत राहिले. त्या ग्रंथात हे फूल आहे. गुण सांगितला आहे तुरटपणाचा. आपल्याकडे हगवणीवर डाळिंबाची साल उगाळून देणारी आजी आणि तो ग्रीक वैद्य यांची कधी भेट झाली नाही, पण दोघांच्या जिभेला एकच तुरट चव कळली होती. आपल्याकडचे हकीम या सुकवलेल्या फुलांना 'गुलनार' म्हणतात. गुल म्हणजे फूल आणि नार म्हणजे अनार.

ग्रीकांचा हा शब्द रोमच्या लॅटिन भाषेत गेला, तिथून इटलीच्या बोलीत आला. तोपर्यंत तो फुलाचाच शब्द होता. तो बांधकामात शिरला इटलीत. पंधराव्या शतकात तिथे घरे, देवळे, बागा बांधण्याची नवी हौस उठली. जुन्या ग्रीक-रोमन इमारतींकडे पाहून कारागीर शिकत होते. पण अशा खांबुल्यांचे कठडे त्या जुन्या इमारतींना नव्हते. ती या नव्या कारागिरांची स्वतःची कल्पना. फ्लॉरेन्स शहराजवळ पोज्जो आ कायानो या गावी जुलियानो दा सांगाल्लो या वास्तुकाराने मेदिची घराण्यासाठी हवेली बांधली. तिचे काम पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. खांबुल्यांच्या कठड्यांच्या पहिल्या नमुन्यांत तिच्या गच्चीचा कठडा धरतात.

कठड्याला सबंध भिंत घातली तर दगड फार लागतो, वारा अडतो आणि घर कोंदट दिसते. नुसत्या आडव्या दांड्या घातल्या तर लेकरू खालून निसटते. म्हणून त्यांनी बुटके खांब जवळजवळ उभे केले आणि वर एक सलग पट्टी टाकली. खांब सरळ न ठेवता खाली फुगीर आणि वर निमुळते घडवले. लोकांनी ते पाहिले आणि त्यांना अर्धवट उमललेले डाळिंबाचे फूल आठवले. त्या खांबाला त्यांनी फुलाचेच नाव दिले. इटालियनमधून ते फ्रेंचमध्ये गेले, फ्रेंचमधून सुमारे १६०० साली इंग्रजीत आले, आणि इंग्रजीचे बोट धरून, सिमेंटच्या साच्यात बसून, तालुक्याच्या दुकानापर्यंत पोचले.

हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो बागाईतदाराच्या नजरेने म्हणाला, "मामा, फूल म्हंजी कंचं फूल? नराचं का फळाचं?"

त्याचा प्रश्न लाखमोलाचा होता. कोशात तो कोणी विचारलेला नाही.

ज्यांच्याकडे डाळिंब नाही त्यांच्यासाठी सांगतो. डाळिंबाच्या एकाच झाडावर मुख्यतः दोन तऱ्हेची फुले येतात. एक नर फूल. त्याचे बूड निमुळते, आकार घंटेसारखा. ते दोन दिवस मिरवते आणि गळून जाते. झाडाखाली लाल सडा पडतो तो बहुतेक याचाच. दुसरे फूल दोन्ही लिंगांचे. त्याचे बूड फुगीर, घागरीसारखे, त्याच्यावर आवळलेला गळा आणि वर पाकळ्यांचे पसरलेले तोंड. फळ धरते ते या फुलाला, कारण ती फुगीर घागर म्हणजेच उद्याचे डाळिंब. बागाईतदार फुलोऱ्यात फिरताना पाकळ्यांचा रंग बघत नाही, बूड बघतो, आणि बहर कसा जाईल ते मनाशी मांडतो.

आम्ही बागेत गेलो. भाच्याने दोन्ही तऱ्हेची फुले तोडली, आणून त्या सिमेंटच्या खांबाशेजारी धरली. नर फूल जुळेना. घागरीचे फूल धरले, आणि पोट, गळा, तोंड, तिन्ही जागच्या जागी बसले. भाचा म्हणाला, "म्हंजी फळ धरनारं फूल त्यांनी कठड्याला लावलं." इटलीच्या कारागिरांनी एवढा विचार केला असेल असे मी म्हणत नाही. पण बघणाऱ्याच्या डोळ्यांत भरलेच फूल भरले असणार, हे मला पटले.

एकाच झाडाने माणसाला आणखी एक शब्द दिला आहे. फ्रेंच भाषेत डाळिंबाच्या फळाला 'ग्रनाद' म्हणतात. दारूगोळा ठासलेला हातबॉम्ब निघाला, तेव्हा आत दाणे भरलेले ते फळ लोकांना आठवले, आणि बॉम्बचे नाव ग्रेनेड पडले. फुलाच्या नावाचा कठडा झाला, फळाच्या नावाचा बॉम्ब. झाडाचा यात काही दोष नाही. नावे ठेवणारा माणूस जसा, तसा शब्द.

आता आक्काच्या बालिष्टराकडे वळू. खेड्यातल्या माणसाच्या तोंडी परका शब्द बदलला की शहाणी माणसे हसतात. प्लास्टरचे पलस्तर, स्टेशनचे ठेसन, तसे हे. पण मंडळी, ज्यांचा हा शब्द त्या इंग्रजांनी काय केले ते ऐका. सतराव्या शतकात त्यांच्याच लोकांच्या तोंडी बॅलस्टरचे 'बॅनिस्टर' झाले. पंडितांनी नाक मुरडले, हा शब्द अशुद्ध आहे म्हणाले. सुतार, गवंडी आणि घरातल्या बाया मात्र बॅनिस्टरच म्हणत राहिल्या. शेवटी पंडित थकले, आणि आज जिन्याच्या कठड्याला इंग्रजी घरांत सर्रास बॅनिस्टर म्हणतात. शब्द तोंडात रुळला की तो त्या तोंडाचा होतो. त्याला सातबारा लागत नाही.

शिवाय आक्काच्या चुकीत एक खरी गोष्ट दडलेली निघाली. बॅरिस्टर आणि बॅलस्टर या दोन शब्दांचे एकमेकांशी नाते नाही, त्यांची मुळे वेगळी. पण बॅरिस्टरमधला 'बार' म्हणजे काय? बार म्हणजे आडवा दांडा, अडसर, कठडा. इंग्लंडात वकिली शिकवणाऱ्या संस्थांच्या दिवाणखान्यात असा एक अडसर असे. शिकाऊ माणसाला त्या कठड्यापाशी बोलावले, की तो वकिली करण्यास लायक झाला असे समजत. म्हणजे बालिष्टर हासुद्धा शेवटी कठड्यावरूनच आलेला माणूस. मी आक्काला हे सांगितले. ती म्हणाली, "मंग? मी काय येगळं म्हनलं व्हतं?"

तुम्ही म्हणाल, हे सगळे परमुलखाचे झाले, आपल्या वाड्यांत काय होते? त्याचीही एक साखळी आहे. शहाजहान बादशहाच्या अमदानीत, म्हणजे १६२८ ते १६५८ या काळात, आग्र्याच्या किल्ल्यात बादशहाच्या बसण्याच्या झरोक्याला असेच फुगीर पोटाचे, बारीक मानेचे खांब घडवले गेले. युरोपातून येणारी छापील चित्रे मोगलांच्या कारागिरांनी पाहिली होती, त्यांवरून हा घाट त्यांनी उचलला असे या विषयाचे अभ्यासक मानतात. त्याला कमळाच्या पाकळ्या आणि पूर्णकलशाचा साज मात्र त्यांनी इथला चढवला. दरबारी बखरकार फारसीत लिहीत. त्यांनी या खांबाला नाव दिले 'सर्वअंदाम', म्हणजे सरूच्या बांध्याचा. सरू हे इराणकडचे उंच, शेलाटे, वर टोक झालेले झाड. तिकडे सुंदर बांध्याच्या माणसाला या झाडाची उपमा देतात.

घाट तोच. इटलीच्या माणसाला त्यात डाळिंबाचे फूल दिसले, फारसी बोलणाऱ्याला सरूचे झाड दिसले. ज्याच्या अंगणात जे, ते त्याच्या डोळ्यांत.

मोगलांकडून हा घाट आपल्या मुलखातही उतरला. पेशवाईतल्या वाड्यांचे सागवानी खांब पाहा. त्यांना आपले सुतार 'सुरूचे खांब' किंवा 'सुरूदार खांब' म्हणत आले. हे सुरू म्हणजे तेच फारसी सरू. कोकण किनाऱ्यावर वाळूत जे सुरूचे बन दिसते ते झाड वेगळे, नाव तेवढे एक. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास बांधलेला विश्रामबाग वाडा आजही उभा आहे. कधी पुण्याला गेलात तर रस्त्यावर उभे राहून त्याचा दर्शनी सज्जा डोळे भरून पाहा. खांब सुरूचे, आणि वाड्यांच्या कमानींत खाली लोंबणारी लाकडी केळफुले. इराणचे झाड आणि आपल्या परसातली केळ एकाच तुळईखाली सुखाने नांदतात.

आपले जिन्याचे बाकीचे शब्दही असेच ठिकठिकाणचे आहेत. 'जिना' फारसीतून आला, तिकडे तो 'झीना'. 'पायरी' आपली, पायावरून झालेली. शिडीला कोकणात कोणी 'निसण' म्हणतात, ती संस्कृत 'निःश्रेणी'ची लेक. आणि पायऱ्यांसाठी संस्कृतात शब्द आहे 'सोपान'. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई ही भावंडे आपण रोज आठवतो, पण सोपान म्हणजे वर नेणाऱ्या पायऱ्या हे पुष्कळांच्या ध्यानात नसते.

आता शब्द बाजूला ठेवून दोन कामाच्या गोष्टी. शब्दाच्या निमित्ताने त्या सांगितल्या नाहीत तर आक्काच्या मोडलेल्या हाडाला मी काय तोंड दाखवू?

अलीकडे गावोगाव स्लॅबची घरे झाली. वाटेने जाताना मोजा. दहांत दोन-तीन घरांचे बाहेरचे जिने उघडे दिसतील. पायऱ्या आहेत, कठडा नाही. कुठे सळया वर काढून ठेवल्या आहेत, पुढे कधीतरी कठडा होईल म्हणून. घरात रंग आहे, टीव्ही आहे, दारावर तोरण आहे. कठडा शोभेचा समजून मागे ठेवलेला असतो. नाव फुलाचे असले तरी काम शोभेचे नाही, हे ध्यानात धरा.

आपल्या देशाच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत गच्चीच्या कडेचा कठडा किमान १ मीटर, म्हणजे सव्वातीन फूट उंच असावा असे सांगितले आहे. इंग्लंड-अमेरिकेत नियम असा, की कठड्याच्या दोन खांबांमधून साधारण ४ इंच व्यासाचा चेंडू आरपार जाता कामा नये. कारण उघड आहे. लहान लेकराचे अंग आधी सरकते, मग डोके अडकते. आपल्याकडे खांब नगावर विकत मिळतात, म्हणून पैसे वाचवायला माणसे ते लांब लांब लावतात. कठडा लांबून झकास दिसतो, पण दोन खांबांमधून कोकरू निघून जाईल एवढी फट असते. तसे करू नका. फुगीर पोटांमधली फट नव्हे, बारीक मानांमधली फट मोजा. तीच मोठी असते.

आडव्या नळ्यांचा कठडा स्वस्त पडतो, पण पोरांना ती आयती शिडी होते. उभे दांडे बरे. सिमेंटचा खांब घेतलात तर त्याच्या पोटात सळई आहे की नाही ते विचारा, आणि ती सळई खालच्या पायरीत आणि वरच्या पट्टीत पक्की धरलेली असू द्या. नुसत्या मसाल्यावर चिकटवलेला खांब माणसाचा भार घेत नाही. टेकून उभे राहिलात की तुम्हांला घेऊनच खाली येतो. वरची पट्टी हाताच्या मुठीत धरता येईल अशी ठेवा, आणि पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत ती तुटू देऊ नका. म्हाताऱ्या माणसाचे डोळे हातात असतात.

आणि पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बॅलस्टरच हवा असे कोणी सांगितले? बांबू आहेत, बाभळीचे दांडे आहेत, जुन्या गोठ्याची लाकडे आहेत. ती घट्ट रोवून आजच्या आज कठडा करा. पुढच्या बहराला फुलाचा घाट आणा.

भाच्याचा कठडा त्याच पंधरवड्यात उभा राहिला. खांब जवळ जवळ, मुठीत मावणारी पट्टी, अगदी पहिल्या पायरीपासून. मागच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा आक्का एका हातात काठी, दुसरा हात पट्टीवर, अशी सावकाश वर चढत होती. कुरडयांची परात नात घेऊन पुढे गेली होती. मी खालून म्हटले, "आक्का, बालिष्टर धरलास न्हवं?"

ती वरूनच म्हणाली, "बालिष्टर न्हाई रं. डाळिंब हाय त्ये. आपल्याच बागंतलं."

मंडळी, तुमच्याकडे जिना, पायरी, कठडा, शिडी यांना कोणते वेगळे शब्द आहेत ते जरूर कळवा. कार्ड टाकलेत तरी चालेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा, त्यांच्याकडे असे शब्द अजून कणगीत जपून ठेवलेले असतात. पुढच्या खेपेला आपण जिना उतरून दारात येऊ, आणि उंबरठा ओलांडण्याआधी त्याची चौकशी करू.

तोवर राम राम. आणि हो, जिना उतरताना दोन्ही हातांत परात धरू नका.